पाडव्यानंतरची तारीख

दिनांक ९ मार्च २०२०, सोमवार, होळीचा दिवस. रक्कम रुपये दीड हजार. ही पासपोर्ट नवा करून घेण्याची सरकारी फी असून ती माझ्या खात्यातून मोबाईलवर भरली. हजर माणसं: मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, माझी बायको आणि आमची थोरली चुलती. चुलतीचा या कामाशी संबंध नव्हता. पण आमच्या घरी पुरण शिजत असलं की ती कुठल्याही कामाला हजर असते.

भाऊ त्याच दिवशी सकाळी आखातातून आला होता. तिथल्या एका देशात तो बारा वर्षं क्रेन चालवतो. या वेळी दोन महिन्यांची रजा काढून आला होता, कारण गावच्या चैत्रातल्या जत्रेचा मान त्या वर्षी आमच्या घराकडे होता. भावकीत सात घरं आहेत, त्यामुळे मान सात वर्षांनी येतो. मागच्या खेपेला त्याला रजा मिळाली नव्हती आणि पालखीला पुढचा खांदा चुलत भावानं दिला होता. ते त्यानं सात वर्षं लक्षात ठेवलं होतं.

रजेत दुसरं काम पासपोर्टचं. त्याची मुदत नोव्हेंबरात संपत होती आणि सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत राहिली की विमानात घेत नाहीत. परतीचं तिकीट १० मेचं होतं. म्हणून आल्या आल्या अर्ज भरायला बसलो. पुण्याच्या पासपोर्ट केंद्रात जायला मोबाईलवर दोन वेळा मोकळ्या दिसल्या. शुक्रवार १३ मार्च, सकाळी सव्वाअकरा, आणि गुरुवार २६ मार्च, सकाळी सव्वाअकरा.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे आहे. दुधाचं पेमेंट दर दहा दिवसांनी होतं, आणि एक ते दहा तारखेचं पेमेंट त्या महिन्यात १३ ला वाटायचं होतं. एकतीस शेतकरी, एकतीस सह्या. म्हणून मला १३ ला निघता येत नव्हतं.

भाऊ म्हणाला, "तू कशाला पायजेस दादा? म्या एकटा जातो की. परदेशात एकटाच ऱ्हातो."

"परदेशातली गोष्ट वेगळी," मी म्हणालो. "पुण्यातल्या कचेरीत एक कागद कमी पडला तर परत इथवर यावं लागेल."

चुलती पाटावरून म्हणाली, "पाडवा होऊ द्या की. नवा कागद, तर साल बी नवं पायजे. एवढी काय घाई हाय?"

२५ ला पाडवा होता. २६ ला माझं पेमेंटही नव्हतं. मी २६ निवडली आणि बटण दाबलं. बटण मी दाबलं, ही गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे सहा महिने ती कुणी बोलून दाखवली नाही.

पाडव्याच्या दिवशी देश बंद झाला. केंद्र बंद असल्याचा निरोप त्याआधीच मोबाईलवर आला होता. २६ तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता भाऊ शाळेच्या तिसरीच्या वर्गात बसलेला होता. परदेशातून आलेल्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं असं ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं. मी सरपंचांना सांगितलं की याला येऊन सतरा दिवस झाले, म्हणजे चौदा होऊन वर तीन. या सतरा दिवसांत त्याला शिंकसुद्धा आलेली नाही.

सरपंच म्हणाले, "ते तुमचं घरातलं सतरा. मला शाळंतलं चौदा पायजेत."

ते चौदा त्यानं काढले. चैत्री पौर्णिमेची जत्रा त्याच काळात पुजारी आणि चार माणसांनी उरकली. पालखी निघालीच नाही, त्यामुळे पुढचा खांदा कुणीच दिला नाही. भावानं शाळेच्या खिडकीतून देवळाचा कळस बघून हात जोडले, असं त्याला डबा देऊन आलेल्या माझ्या बायकोनं सांगितलं.

एप्रिलात कंपनीच्या कचेरीतून त्याला निरोप आला. नोकरी ठेवली आहे. पण त्या देशाचा नियम असा की तिथला राहण्याचा परवाना असलेला माणूस सलग एकशेऐंशी दिवस बाहेर राहिला, तर परवाना आपोआप रद्द. मग नवा परवाना काढावा लागेल, आणि नवे परवाने देणं तर बंदच होतं. थोडक्यात, एकशेऐंशी दिवसांत पोचला तर क्रेन त्याची, नाहीतर बारा वर्षांची नोकरी गेली.

तो तिथून ८ मार्चला निघाला होता. मी डेअरीच्या कॅलेंडरच्या मागे दिवस मांडले. ८ मार्च सोडून मोजलं तर एकशेऐंशीवा दिवस ४ सप्टेंबर येतो. ८ मार्च धरून मोजलं तर ३ सप्टेंबर. कसं मोजतात ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी दोन्ही तारखांना खूण केली आणि भावाला ३ सांगितली.

कामं एकावर एक अशी होती. पासपोर्ट नवा झाल्याशिवाय त्या देशात परत जाण्याच्या परवानगीचा अर्ज भरता येत नव्हता. परवानगीशिवाय तिकीट नाही. तिकीट असलं तर मुंबईला जायचा प्रवासाचा पास मिळत होता, पण पासपोर्टसाठी पुण्याला जायचा पास मिळत नव्हता.

केंद्र जूनमध्ये उघडलं आणि १८ जून, सकाळी साडेअकराची वेळ मिळाली. एसटी बंद होती. हायवेला पुण्याच्या अलीकडे चौकी होती आणि पास नसलेल्याला परत पाठवत होते. मी पासासाठी मोबाईलवर तीनदा अर्ज केला आणि तिन्ही नाकारले गेले. प्रवासाच्या कारणांच्या यादीत आजारपण होतं, मयत होतं, लग्न होतं. पासपोर्ट नव्हता. मी 'इतर' निवडून सविस्तर लिहिलं होतं. इतर म्हणून सविस्तर लिहिलेलं कुणी वाचत नाही, असं माझं तेव्हापासून मत आहे.

तिसरा अर्ज नाकारला गेला त्या दिवशी ओट्यावर हीच चर्चा चालली होती. संस्थेचे चेअरमन आले होते. ते म्हणाले, "मयत लिवा. तासात पास येतो. पलीकडच्या आळीतल्यानं तसाच आणला."

"कोण मेलं म्हणून लिहू?" मी विचारलं.

"पुण्यातलं कुणीबी."

"पुण्यात आमचं कुणी नाही."

चुलती शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "माझं नाव घाला. म्या काय, आज हाय उद्या न्हाई."

भावाची बायको म्हणाली, "अवो काकी, तुमी तर हितं हाय. पुण्याला कशाला जायचं मग?"

"म्या पुण्याला जाऊन मेले म्हणा की. दवाखान्यात नेलं हुतं म्हणा."

"आन् पुढच्या महिन्यात पेन्शनीला अंगठा कोण दील?" चेअरमन म्हणाले.

यावर चुलतीनं आणखी दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "तर मग ऱ्हाऊ द्या."

मीही नाहीच लिहिलं. जिवंत माणसाला मेलेलं लिहायचं नाही हा एक भाग. आणि तपासणी झाली, तर ज्याची पुढे पासपोर्टसाठी पोलीस चौकशी व्हायची आहे त्याच्याच नावावर खोटा अर्ज सापडला असता.

दूध मात्र बंद नव्हतं. आमचा टेम्पो रोज सकाळी सव्वासातला सोळा कॅन घेऊन पुण्याच्या डेअरीला जात होता. त्याचा पास ड्रायव्हर आणि एक मदतनीस अशा दोघांचा. मदतनीस हा ड्रायव्हरचा भाचा, तो मार्चमध्ये सासुरवाडीला गेला तो तिकडेच अडकला. जागा अडीच महिने रिकामी होती आणि कॅन चढवून ड्रायव्हरची कंबर गेली होती.

चेअरमन म्हणाले, "मग लिवा याचं नाव मदतनीस म्हणून, आन् अठराला द्या धाडून. एक दिवसाचा तर सवाल हाय."

मी म्हणालो, "नाव लिहिलं तर काम करावं लागेल. काम न करता मस्टरवर नाव म्हणजे बोगस माणूस."

"अहो सचिव, तुमचा सख्खा भाऊ हाय."

"म्हणूनच."

भावाला सांगितलं तेव्हा तो हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. "दादा, म्या नव्वद टनाची क्रेन चालवतो."

"कॅन चाळीस लिटरचा. दूध एक्केचाळीस किलो, कॅन सात किलो. अठ्ठेचाळीसच्या वर जात नाही."

८ जूनपासून मस्टरवर त्याचं नाव लावलं. रोज अडीचशे रुपये, जो दर भाच्याला होता तोच. पोलीस ठाण्यातून पासावर त्याचा फोटो आणि हुद्दा चढवून आणला: मदतनीस, दूध वाहतूक. फोटोसाठी त्याच्याकडे इस्त्रीच्या शर्टातलाच फोटो होता, टाय लावलेला. टायखाली 'मदतनीस' बरं दिसत नव्हतं, पण तसा काही नियम नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं कॅनच्या कडीत एक हात घातला आणि उभ्यानंच ओढला. ड्रायव्हर टेम्पोच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "अवो परदेशी, हितं बटण न्हाई. गुडघ्यातनं वाका."

"मला शिकवू नका मामा."

"न्हाई शिकवत. तुमी उचला. म्या हितं बसून बघतो, क्रेन कशी मोडती ती."

तिसऱ्या दिवशी टेम्पोवरून आल्यावर त्याला बाज सोडता येईना. त्याच्या बायकोनं पाठीला तेल लावलं आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, की दुसऱ्याचा भाऊ असता तर एक दिवसात भागलं असतं. मी ऐकलं. चौथ्या दिवशी तो पुन्हा गेला. नवव्या दिवसापर्यंत त्याला सोळा कॅन चढवायला चौदा मिनिटं लागत होती. भाच्याला बारा लागत.

१८ जूनला चौकीवर जे झालं ते मी पाहिलेलं नाही. भावाचं आणि ड्रायव्हरचं, दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं. एक जागा सोडली तर दोन्ही जुळतात.

कचेरीत जायचं म्हणून भावानं इस्त्रीचा शर्ट, चांगलं घड्याळ आणि गॉगल घातला होता. चौकीवरच्या शिपायानं पास बघितला, मग त्याला बघितलं.

"हा मदतनीस?"

"व्हय साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"याचं घड्याळ बघ. तुझ्या टेम्पोपेक्षा म्हाग आसंल. खाली उतर रे. कॅन उतरव."

भावानं गुडघ्यातून वाकून भरलेला कॅन खाली घेतला.

"चढव."

चढवला.

"आता परत उतरव."

तिसऱ्या वेळी शिपाई अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि झाकण निघालं. चाळीस लिटर दूध रस्त्यावर आणि शिपायाच्या बुटांवर गेलं. भावाचं म्हणणं, झाकण ड्रायव्हरनं नीट दाबलं नव्हतं. ड्रायव्हरचं म्हणणं, झाकण बघायचं काम मदतनिसाचं. शिपाई काय म्हणाला याबद्दल दोघांचं एकमत आहे. तो म्हणाला, "हाय मदतनीस. जावा."

दहा दिवस आधी काम केलं नसतं तर तो कॅन पहिल्याच वेळी पडला असता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो केंद्रावर पोचला. अंगाला दुधाचा वास येत असल्यामुळे दारावरच्या माणसानं त्याला दोनदा सॅनिटायझर दिलं. आतलं काम चाळीस मिनिटांत झालं. पोलीस चौकशी झाली की पासपोर्ट छापायला जाईल, असं त्यांनी सांगितलं.

दुधाचा भाव तेव्हा पडून लिटरला बावीस झाला होता. चाळीस गुणिले बावीस, आठशे ऐंशी. चेअरमन म्हणाले, नासलं म्हणून लिहा. पण ते नासलं नव्हतं. संस्थेचा नियम असा की वाटेत मदतनिसाच्या हातून सांडलं तर ते त्याच्या मजुरीतून जातं. मी तशी नोंद केली. भाऊ म्हणाला, "लिही. नाहीतरी म्या हमालीचं पैसं घेणार न्हाई." मी म्हणालो, ते घ्यावेच लागतील, रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्यावर तो उठून गेला.

केंद्रातलं काम झालं म्हणून १९ तारखेला त्याला काढून टाकणं मला पटलं नाही. मग ते काम एका दिवसासाठीच होतं असं ठरलं असतं. जून पुरा करायचा असं ठरवलं.

३० जूनला ठाण्यातून बोलावणं आलं, पासपोर्टच्या चौकशीसाठी. आम्ही दोघं गेलो. मी मस्टर बरोबर घेतलं होतं. घेतलं नसतं तर बरं झालं असतं असं बायकोचं मत आहे.

चौकशीला बसलेले हवालदार तेच होते ज्यांनी पासावर शिक्का मारला होता. त्यांनी अर्ज वाचला. व्यवसाय: क्रेन ऑपरेटर, परदेशात नोकरी. मग भावाकडे बघितलं.

"तुमी दुधाच्या टेम्पोवर हायसा ना?"

"व्हय."

"पास म्याच दिलाय. मदतनीस म्हणून." त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजी एक तर ह्यो अर्ज खोटा, न्हाईतर माझा पास खोटा. आन् माझा पास खोटा आसंल तर म्या तसं लिवणार न्हाई. मग ऱ्हायलं काय?"

हवालदारांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या मस्टरकडे गेलं.

"टेम्पोवर खरंच काम केलं का नुसतं नाव हाय?"

"खरंच केलं," मी म्हणालो आणि मस्टर उघडून पुढे ठेवलं.

हवालदारांनी पान बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मस्टर बंद करून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "सचिव, हे म्या बघितलंच न्हाई. घरी जावा, एवढं एक पान काढा, आन् उद्या या. टेम्पोचा पास म्या रद्द करतो. मग हा क्रेनवाला."

भाऊ म्हणाला, "काढतो की. एक पान तर हाय."

मी म्हणालो, "पान निघणार नाही."

"का?"

"त्याच पानावर ड्रायव्हरची हजेरी आहे. कॅन धुणाऱ्या बाईंची तीस दिवसांची हजेरी आहे. पानांना नंबर आहेत."

भाऊ उभा राहिला. त्याचा आवाज ठाण्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांना गेला असणार. "तुझ्या तीस दिवसांपुढं माझी बारा वर्सं कायबी न्हाईत? मला हमाल केलंस, केलं. पाठ मोडली, बोललो न्हाई. आता एक पान फाडवंना तुला? सप्टेंबर काय तुझ्या मस्टरसाठी थांबणार हाय का?"

खरं सांगायचं तर त्या वेळी पान फाडावं असं मलाही वाटलं. मी मस्टरवर हात ठेवून बसलो होतो आणि समोर उलटा पडलेला अर्ज वाचत होतो, कारण भावाकडे बघणं जमत नव्हतं. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती. ९ मार्च.

मी म्हणालो, "अर्ज नऊ मार्चला भरलाय."

"मग?" हवालदार म्हणाले.

"नऊ मार्चला तो क्रेन ऑपरेटरच होता, रजेवर. मदतनीस झाला आठ जूनला. अर्ज त्या तारखेला खरा आहे आणि पास ह्या तारखेला खरा आहे. दोन्हींत खोटं काहीच नाही."

हवालदारांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "आन् आज? आज क्रेन का कॅन?"

"आज तीस. आज महिना संपला. काम सोडलं असं आत्ता लिहितो."

"पगार दिला?"

"नाही."

"पगार दिल्याबिगर काम सुटलं कसं म्हणायचं? हिशोब करा, सही घ्या, म्या म्होरं लिवतो."

हिशोब तयारच होता. तेवीस दिवस, अडीचशेप्रमाणे पाच हजार सातशे पन्नास. वजा दूध आठशे ऐंशी. देय चार हजार आठशे सत्तर. महिनाअखेर म्हणून रक्कम पाकिटात घालून आणलेली होती.

भाऊ म्हणाला, "दूध त्या शिपायानं सांडवलं."

हवालदार म्हणाले, "तो माझ्या ठाण्याचा न्हाई."

भावानं सही केली. पाच हजारांच्या आतली रक्कम म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प लागला नाही. हवालदारांनी चौकशीत आक्षेप नाही असं लिहिलं आणि आम्हाला चहा पाजला. भावानं घेतला नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने तो माझ्याशी थेट बोलला नाही. एकाच घरात असल्यामुळे निरोप बायकांमार्फत जात. "त्यांना विचारा, पोस्ट आलं का." "त्यांना सांगा, नाही." जुलैत पुणं पुन्हा दहा दिवस बंद झालं. पासपोर्ट ६ ऑगस्टला आला. त्या दिवशी एकशे एक्कावन्नावा दिवस होता.

मग परत जाण्याच्या परवानगीचा अर्ज. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथे बसून तो अर्ज भरी. उत्तर आलं की अक्षरं लाल असली तर नकार, हिरवी असली तर होकार. पहिल्या वेळी लाल. दुसऱ्या वेळी लाल. कारण दिलेलं नव्हतं. कंपनीच्या कचेरीतला माणूस दर वेळी एवढंच कळवी की पुन्हा भरा. चुलती रोज संध्याकाळी विचारी, "हिरवं झालं का रं?" आणि तो नाही म्हणाला की म्हणे, "व्हईल. भात बी आजून हिरवं हाय."

त्या दिवसांत मी डेअरीच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडत होतो. एकशेसाठ झाले, एकशेपासष्ट झाले. माझ्या मनात एकच बेरीज चालू असे. १३ मार्चला गेलो असतो तर पासपोर्ट एप्रिलच्या आत घरात आला असता. जुलैत परवानग्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा अर्ज गेला असता. पेमेंट एक दिवस पुढे ढकलता आलं असतं. एकतीसपैकी एकही शेतकरी काही बोलला नसता.

२४ ऑगस्टला, एकशे एकोणसत्तराव्या दिवशी, अक्षरं हिरवी झाली. तिकीट २ सप्टेंबरचं मिळालं, एकतीस हजार चारशेला. मेमधलं रद्द झालेलं तिकीट बारा हजार सहाशेचं होतं.

निघण्याआधी शहाण्णव तासांच्या आतला तपासणीचा अहवाल लागत होता. ३१ ऑगस्टला जीप करून आम्ही पुण्याला प्रयोगशाळेत गेलो. नाकातून नमुना घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना नसरापूरच्या फाट्यावर जीप थांबली, तेव्हा मी पाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"काय हे?" दोन महिन्यांतला हा पहिला थेट शब्द.

"अठरा हजार आठशे. दोन तिकिटांतला फरक."

"मला कशाला?"

"सव्वीस तारीख मी निवडली होती."

त्यानं पाकीट उघडून बघितलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. "तेरा तारखेला गेलो असतो तरी मेमधी विमान न्हवतं दादा. बटण तू दाबलंस, पण शेजारी म्याच बसलो हुतो. काकी बी हुती. मग तिच्याकडनं बी घेणार का?"

मी म्हणालो, तिचा भाग वेगळा धरला नाही.

तो हसला. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "हे नको. पण दुधाचं आठशे ऐंशी दे. ते लई लागलंय मला. त्या बाबानं तीनदा उचलायला लावला, आन् तू माझ्या मजुरीतनं कापलंस."

"संस्थेची नोंद बदलता येणार नाही."

"संस्थेचं कोण मागतंय? तुझं दे."

मी तिथल्या तिथे मान्य केलं, पण पाकिटात सगळ्या पाचशेच्या नोटा आणि तीन शंभराच्या होत्या. ऐंशी सुटे नव्हते. त्यानं सांगितलं, पोचलो तरच घेईन, माझ्या मागं बायकोकडे दे.

अहवाल १ तारखेला आला, लागण नाही असा. २ सप्टेंबरला, एकशे अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी, तो गेला. ३ तारखेला दुपारी टाकीजवळ मला त्याचा फोन लागला. तिथल्या खिडकीवरच्या माणसानं परवाना बघितला, शिक्का मारला, काही विचारलं नाही. दिवस कसे मोजतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. पावतीवर काय लिहायचं ते मात्र त्यानं फोनवर सांगितलं.

दिनांक ४ सप्टेंबर २०२०, शुक्रवार. हजर: मी, माझी बायको, भावाची बायको आणि थोरली चुलती. 'सव्वीस मार्चच्या तारखेबद्दल मिळाले, आता काही बाकी नाही' अशी पावती भावाच्या बायकोनं वहीच्या कागदावर लिहून दिली. चुलतीनं साक्षीदार म्हणून अंगठा उठवला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. रुपये आठशे ऐंशी, रोख, माझ्या खिशातून, धाकट्या भावाच्या बायकोस दिले.